होऊन जाईल, बाई!

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली त्याने हे दोन्ही उद्योग स्वतः केलेले असणार, याबद्दल मला शंका नाही. मात्र या दोहोंतला एक मोठा फरक त्याने सांगायचा ठेवला. लग्न ठरवताना आपण काय काय पाहत नाही? पत्रिका जुळवतो, घराणे विचारतो, मुलाच्या मामाच्या शेजाऱ्याकडून मुलाच्या स्वभावाची बातमी काढतो, आणि एवढे होऊनही मुलीची आई म्हणतेच, “अजून एकदा कुणाला तरी विचारा हो!” घराचे तसे नाही. जन्मभराची शिल्लक ज्याच्या हाती द्यायची त्या ठेकेदाराला आपण एकच प्रश्न विचारतो, “काम कधी सुरू करता?” तो म्हणतो, “उद्या.” आपण खूश होतो आणि त्याच्यासाठी चहा टाकतो.

मी कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे माणसाच्या आधी त्याच्या शब्दांकडे लक्ष जाण्याची खोड मला आहे. आता ही गंमत पाहा. ‘कंत्राट’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या भाषेतून आला. ‘मिस्त्री’ही तिकडूनच आला आणि ‘पगार’ही. म्हणजे काम ठरवणे, काम करणारा आणि कामाचा मोबदला हे तिन्ही शब्द परदेशी; ‘उचल’ आणि ‘उद्या’ हे दोन मात्र अस्सल घरचे! याच घरच्या कोठारातले आणखी एक रत्न म्हणजे ‘होऊन जाईल’. “पन्हळीचं काम राहिलंय,” म्हणावे, तर “होऊन जाईल, बाई.” “मोरीचा उतार उलटा झालाय,” म्हणावे, तरी “होऊन जाईल.” कोण करणार, कधी करणार, कशाने करणार, यातले काहीही या वाक्यात नाही. काम जणू एखाद्या रात्री आपणहून उठेल आणि स्वतःला पुरे करून टाकेल! ज्यातून करणाऱ्याने इतक्या सफाईने अंग काढून घेतले आहे असे दुसरे वाक्य मला मराठीत सापडलेले नाही.

तरी ‘कंत्राटदार’ म्हटले की नाक मुरडायची जी रीत पडली आहे, ती मला पसंत नाही. महात्मा जोतीराव फुले हे व्यवसायाने कंत्राटदार होते, हे आपण विसरतो. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा अशा कामांशी त्यांच्या कंत्राटांचा संबंध होता. ज्या पुण्यात १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, त्याच पुण्याच्या भोवतालच्या दगडचुन्याचा हिशेब त्याच माणसाने ठेवला होता. तेव्हा धंदा वाईट नाही. त्यात भरवसा कसा ओळखावा आणि कसा टिकवावा, एवढाच काय तो प्रश्न आहे.

हा प्रश्न जिथे सर्वांत कडक परीक्षा घेतो असा एक मुलूख माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे मुळशी तालुका. पुण्याहून चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पुढे पौड आणि मग मुळशीचे पाणी. टाटा कंपनीच्या ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी मावळ्यांचा सत्याग्रह उभा केला, त्याच धरणाच्या काठी आज पुण्यामुंबईची मंडळी ‘सेकंड होम’ बांधत आहेत. ज्यांच्या आज्यापणज्यांची घरे पाण्याखाली गेली, त्या मावळातल्याच हातांनी यातली कित्येक घरे उभी राहतात. त्यामुळे नव्या माणसाकडे पाहताना मुळशीकराच्या डोळ्यांत जरा सावधपणा असतो. आपण त्याच्या भरवशाची चौकशी करत असतो, तशी तोही आपली करत असतो.

आणि इथला पाऊस! पुण्यात वर्षभरात सात-साडेसातशे मिलिमीटर पडतो. जुलै २०२४मध्ये ताम्हिणी घाटात एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. म्हणजे पुण्याला ज्याला वर्ष लागते त्यातला बराचसा हिशेब ताम्हिणीने एका दिवसात उरकला. असा पाऊस कुणाचे शिफारसपत्र वाचत नाही. भिंतीत, गच्चीत, कौलांत जे काही लपवलेले असेल ते तो पहिल्या पंधरवड्यातच बाहेर काढतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षे झाकून राहणारा आळस मुळशीत एका आषाढात उघडा पडतो.

आमच्या सासऱ्यांनी कोळवण खोऱ्यात पाच गुंठ्यांवर बांधलेले एक कौलारू घर आहे. त्याचे वासे कुजले, पडवी कलली आणि जुनी मोरी पाडून स्लॅबची नवी बाथरूम बांधायची वेळ आली. आमच्या घरातले ‘साहेब’ प्राणिशास्त्र शिकवतात. उंदीर कोणत्या जातीचा हे ते सांगू शकतात, पण तो कोणत्या वाशातून आला हे मलाच शोधावे लागते. म्हणून हे काम माझ्याकडे आले. येणारा प्रत्येक ठेकेदार मात्र आधी माझ्या खांद्यावरून आत डोकवायचा आणि विचारायचा, “साहेब न्हाईत का?” मी म्हणायचे, “साहेब आहेत, पण पैसे माझ्याकडे आहेत.” यानंतर बोलणे सरळ व्हायचे.

काम सुरू करण्याआधी मी ज्यांची साक्ष काढली ते तिघे साक्षीदार मी प्रत्येकाला सुचवीन. पहिला साक्षीदार पाऊस. ठेकेदाराने बांधलेले घर बघायला आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत जातो. तेव्हा सगळीच घरे शहाण्यासारखी कोरडी असतात. जायचे तर जुलैत जावे, आणि नव्याकोऱ्या घरात न जाता तीन वर्षांपूर्वी झालेल्या घरात जावे. दिवाणखाना पाहू नये. त्या घरातल्या बाईंना विचारून मोरीत, ओट्याखाली आणि पश्चिमेच्या भिंतीशी जावे. मावळात झड पश्चिमेकडून येते. त्या भिंतीला आतून हात लावला की ठेकेदाराचा निम्मा स्वभाव हाताला कळतो.

दुसरा साक्षीदार सिमेंट-लोखंडाचा दुकानदार. ठेकेदाराची खरी पत्रिका याच्या उधारीच्या वहीत असते. तो तोंडाने कुणाची निंदा करणार नाही. गिऱ्हाईक आहे ना! पण “अमक्यांना माल द्याल का?” असे विचारल्यावर “देऊ की!” आणि “रोखीने देऊ” या दोन उत्तरांत जे अंतर आहे, ते मराठीच्या प्राध्यापिकेने ओळखायचे नाही तर कुणी?

तिसरा साक्षीदार म्हणजे त्याच्या हाताखालचा गवंडी. “या शेठबरोबर किती वर्षं आहात?” एवढाच प्रश्न पुरतो. तेच गवंडी, तोच सुतार, तोच फरशीवाला पाच-सात वर्षे टिकून असेल तर तिथे शनिवारी मजुरी मिळते, एवढे नक्की समजावे. जो आपल्या माणसांचे पैसे बुडवत नाही, तो बहुधा आपलेही बुडवत नाही. दर दोन महिन्यांनी नवी माणसे दिसत असतील, तर गोड बोलण्यावर जाऊ नये.

गोड बोलण्यावरून आठवले. आमच्या घरापासून काही अंतरावर एका निवृत्त शिक्षकांनी बंगली बांधायला काढली. भविष्यनिर्वाह निधी हाती आला होता, पत्नीला फुलझाडांची हौस होती, आणि ठेकेदार इतका लाघवी की सरांच्या पाया पडल्याशिवाय जात नसे. मुहूर्ताला त्याने ‘मटेरियल महागायच्या आत घेऊन टाकू’ म्हणून ठरलेल्या रकमेतला निम्म्याहून अधिक भाग उचलला. जोते झाले, कॉलम उभे राहिले, खालची स्लॅब पडली आणि मग माणसे यायची थांबली. ठेकेदार पळाला नव्हता. फोनही घेत होता. “होऊन जाईल, सर!” पुढे उलगडा झाला तो असा. सरांचे पैसे त्याने आदल्या गिऱ्हाइकाचे अडलेले काम पुरे करण्यात घातले होते, आणि सरांचे काम पुरे व्हायला त्याला आता नवे गिऱ्हाईक हवे होते. याची टोपी त्याच्या डोक्यावर! असे ठेकेदार सगळेच चोर असतात असे नाही. पुष्कळदा ते स्वतःच्याच हिशेबात बुडालेले असतात. फक्त बुडताना ते आपला हात धरून असतात.

वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया दोन पावसाळे उघड्या राहिल्या आणि गंजल्या. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या माणसाकडून, कर्ज काढून, घर पुरे झाले. या अवधीत बाईंचे गुडघे इतके गेले की ज्या गच्चीवर त्या बाग करणार होत्या, तिथपर्यंतचा जिना त्यांच्या उपयोगाचा राहिला नाही. कुंड्या आता अंगणात आहेत. सर हसून सांगतात, “खाली पाणी घालायला सोपं पडतं.” ऐकणाऱ्याला मात्र हसू येत नाही.

तात्पर्य काय, तर पैसा नेहमी कामाच्या एक पायरी मागे असावा. जोते, लिंटेल, स्लॅब, वीटकाम, प्लॅस्टर, फरशी, रंग या घराच्या पायऱ्या ठरलेल्याच आहेत. पायरी झाली की तिचा हप्ता द्यावा. पैसा एक पायरी पुढे गेला तर मालक अडकतो. पण दोन पायऱ्या मागे राहिला तर मजूर उपाशी राहतो, हेही ध्यानात ठेवावे. सुरुवातीची उचल द्यावीच लागते, ती थोडी असावी. सिमेंट आणि लोखंड यांचे पैसे शक्यतो दुकानदाराला आपणच परस्पर द्यावेत आणि पावती आपल्या नावाने घ्यावी. म्हणजे आपला पैसा दुसऱ्याच्या घराला लागण्याची वाट बंद होते.

दुसरी भानगड मापाची. ठेकेदार दर सांगतो तो चौरस फुटाचा, पण कोणत्या चौरस फुटाचा? खोलीच्या आतला की स्लॅबच्या मापाचा? बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी? पाण्याची टाकी, कठडा, कुंपणाची भिंत, सेप्टिक टँक या दरात की बाहेर? ज्याचे नाव आधी निघाले नाही ते सगळे शेवटी ‘एक्स्ट्रा’ या एका शब्दात येऊन बसते, आणि हा पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही. खडी, वाळू मोजायचा ‘ब्रास’ म्हणजे १०० घनफूट, तर प्लॅस्टर किंवा फरशी मोजायचा ‘ब्रास’ म्हणजे १०० चौरस फूट, हेही घरातल्या एकाला तरी माहीत असावे.

म्हणून सगळे कागदावर घ्यावे. आपल्या लोकांना लिहून घ्यायचा संकोच वाटतो. “एवढा ओळखीचा माणूस, त्याला काय सही कर म्हणायचं?” पण कागद हा अविश्वासाचा नव्हे, विसराळूपणाचा इलाज आहे. आठ महिन्यांपूर्वी आपण काय बोललो हे आपल्यालाही आठवत नसते. ठेकेदाराच्या तर पाच ठिकाणी कामे चालू असतात. मी पाठकोऱ्या कागदावर नव्हे, चांगल्या वहीत लिहिले: काय करायचे, कोणत्या मालाने, कोणत्या मापाने, किती दिवसांत, किती हप्त्यांत, आणि बदल झाला तर तो त्याच वहीत तारखेसह. खाली दोघांच्या सह्या. पैसे बँकेतून. एवढ्या कागदावर कायद्याचाही हात आपल्या पाठीशी राहतो. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितले आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ते आहे. त्यामुळे काम नासवणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मात्र सामान्यतः दोन वर्षांच्या आत. ‘महारेरा’चा पुष्कळांना इथे आधार वाटतो, पण तो कायदा प्रकल्प उभारून सदनिका-भूखंड विकणाऱ्यांसाठी आहे. आपल्या भूखंडावर आपण नेमलेला मिस्त्री त्यात येत नाही. इथे आपली वही हीच आपली महारेरा.

कागद झाला तरी डोळे मिटून चालत नाही, आणि डोळे उघडे ठेवण्यासाठी इंजिनियर असावे लागते असेही नाही. स्लॅब पडली की तिच्यावर मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी साठवतात. आज मिळणारे सिमेंट बहुधा मिश्र जातीचे, पीपीसी असते. त्याला निदान १० दिवस ओलावा लागतो, आणि ऐन उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. ठरलेली ताकद धरायला तर २८ दिवस जातात. पण पाणी मारायला माणूस ठेवायचा म्हणजे मजुरी आली, म्हणून सर्वांत आधी चोरी होते ती पाण्याची. सिमेंटची एखादी गोणी कमी पडली तर मिस्त्री कुरकुरतो. पाणी कमी पडले तर कुणीच बोलत नाही. घरातल्या कुणीतरी रोज संध्याकाळी जाऊन स्लॅबला हात लावावा. तो ओला झाला पाहिजे, बस्स!

ऋतूचेही पंचांग आहे. मुळशीत उघड्यावरचे काम दसऱ्यानंतर काढावे आणि छप्पर मे अखेरीच्या आत व्हावे. जुलैत भाताची लावणी सुरू झाली की गावचा गडी आंबेमोहराच्या खाचरात असतो. त्याला तिथून ओढून आणण्यात शहाणपण नाही. त्याचे वर्षाचे जेवण तिथे उभे राहत असते. परगावचे मजूर दिवाळीला, जत्रेला घरी जातात. ‘चार महिन्यांत घर’ असे सांगणाऱ्या ठेकेदाराने हे दिवस धरले आहेत की नाहीत, ते आधी विचारावे. जो “दिवाळीत पंधरा दिवस काम बंद राहील” असे आधीच सांगतो, तो खरे बोलणारा माणूस आहे.

आमचे काम ज्या मिस्त्रीमामांनी केले ते असे खरे बोलणारे निघाले. ओळंबा सोडून भिंत पाहताना एक डोळा मिटायचे आणि तेवढा वेळ बोलणे बंद. एका दुपारी चहा घेताना मी त्यांना सरांच्या घराची गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, “बाई, पळालेला ठेकेदार समद्यांना ठावा असतो. पळालेला मालक कुनाला दिसत न्हाई.” मग त्यांनी आपली हकीकत सांगितली. शहरातल्या एका बड्या माणसाचा बंगला त्यांनी पुरा करून दिला. शेवटचा हप्ता मागायला गेले तर मालक म्हणाले, रंगाची छटा मनासारखी नाही. पुढच्या खेपेला फाटकावरच्या रखवालदाराने आत सोडले नाही. “पोरांची मजुरी तर भागवायला पायजे. घरातलं वर्साचं भात इकलं.” एवढे सांगून त्यांनी कपबशी विसळली आणि कामाला गेले.

तेव्हापासून ‘भरवशाचा ठेकेदार कसा मिळेल?’ असे कुणी विचारले की मी उलट विचारते, “तुम्ही भरवशाचे मालक आहात का?” ठेकेदाराच्या ज्या खोड्या आपण मोजतो, त्यांतल्या कित्येक मालकाच्या खोड्यांची पिल्ले असतात. भिंत उभी राहिल्यावर खिडकी सरकवा म्हणणे, तीन दर घेऊन सर्वांत कमीवाल्याला आणखी कमी करायला लावणे, आणि मग तो सिमेंट वाचवतो म्हणून कपाळाला हात लावणे! कमी दरात चांगले काम मागणे म्हणजे फरक मजुराच्या पोटातून किंवा आपल्या भिंतीतून काढायला सांगणे होय. तिसरी जागा नाही.

कामाचा काही भाग, शेकडा पाच-दहा, एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा, असे जाणते सांगतात. मुळशीत तर ते फारच योग्य आहे. पण ते आधी ठरलेले आणि लिहिलेले असावे, ठेकेदाराच्या नफ्यातून असावे, आणि गळती नसेल तर ठरल्या दिवशी न मागता द्यावे. मजुरीला मात्र हात लावू नये. आणखी एक गोष्ट आपल्या हातात असते, ती फुकट आहे. बांधकाम कामगारांसाठी राज्याचे कल्याणकारी मंडळ आहे. त्यात नाव नोंदवायला कामगाराला वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिक्षणापासून अपघातापर्यंत त्याला तिथून मदत मिळू शकते. आपल्या कामावर असलेल्यांना तो दाखला मिळाला की नाही, हे ठेकेदाराला विचारायला काय हरकत आहे? ज्या ठेकेदाराला या प्रश्नाचा राग येत नाही, त्याला दुसरे काम द्यावे.

आमच्या बाथरूमची स्लॅब दोन पावसाळे पाहून बसली आहे. मामांची राखलेली रक्कम पहिल्या दसऱ्याला दिली, तेव्हा त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. मीच त्या मोजायला लावल्या आणि वहीत सही घेतली. भरवसा वेगळा, हिशेब वेगळा. दुसरा नीट असला म्हणजे पहिल्याला बरे वाटते.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पावसाने पाठ फिरवलेली असेल आणि मावळात पुन्हा खडीचे ढीग पडू लागले असतील. कुणाचे घर निघत असेल, कुणाची नुसती मोरी. नवे काम ठरवायचे ते सावकाश ठरवा. पण मागचे एखादे झाले असेल, तर लक्ष्मीपूजनाला बसण्याआधी तेवढी वही काढून पाहा. मजूर सणाला गावी निघायच्या आत त्यांचे काही देणे राहिले नाही ना, याची खात्री करा.